विषाणूजन्य तापातील प्लेटलेट : वीस हजारांच्या आकड्यामागचा इतिहास

विषाणूजन्य तापात किंवा तो उतरत असताना रक्ताच्या अहवालात प्लेटलेटची, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तातील सूक्ष्म कणांची, संख्या घटलेली दिसली, की रुग्णाच्या नातेवाइकांचे सारे लक्ष त्या एका आकड्यावर खिळते. सर्वसाधारणपणे ही संख्या प्रति मायक्रोलिटर दीड लाख ते साडेचार लाख असते. ती वीस हजारांच्या आसपास आली, की बाहेरून प्लेटलेट चढवण्याचा आग्रह सुरू होतो. वस्तुतः हा वीस हजारांचा आकडा विषाणूजन्य तापाच्या अभ्यासातून आलेला नाही. तो रक्ताच्या कर्करोगाच्या वॉर्डातून आला, आणि तो प्रवास लक्षात घेतला तरच आजचे डॉक्टर प्लेटलेट देण्यात एवढा हात का आखडता घेतात हे उमगते.

त्वचेवर जांभळे डाग आणि नाकातोंडातून रक्त येणे या आजाराचे वर्णन जर्मन वैद्य पाउल वेर्लहोफ यांनी 1735 मध्ये केले, तेव्हा प्लेटलेट कोणाला माहीतही नव्हत्या. 1882 च्या सुमारास इटलीतील जुलिओ बित्सोझेरो यांनी जिवंत प्राण्यांच्या बारीक रक्तवाहिन्यांत डोकावून, वाहिनीला इजा झालेल्या जागी हे सूक्ष्म कण चिकटतात आणि एकमेकांना धरून ठेवतात, हे दाखवून दिले. ते अस्थिमज्जेतील (हाडांच्या आतील मगजातील) महापेशींपासून तुटून तयार होतात, हे 1906 मध्ये जेम्स होमर राइट यांनी सांगितले.

संख्या आणि रक्तस्राव यांची सांगड प्रथम घातली ती विल्यम ड्यूक यांनी, 1910 मध्ये बोस्टन येथे. नाकातून सतत रक्त वाहणाऱ्या एका तरुणाच्या प्लेटलेट सहा हजारांवर आल्या होत्या. कानाच्या पाळीला बारीक छेद दिला तर रक्त थांबायला तब्बल दीड तास लागत होता. दात्याचे रक्त थेट त्याच्या शरीरात सोडल्यावर प्लेटलेट लाखाच्या वर गेल्या, छेदातून येणारे रक्त तीन मिनिटांत थांबू लागले आणि नाकातला रक्तस्रावही बंद झाला. मात्र थोड्याच दिवसांत संख्या पुन्हा कोसळली. दिलेल्या प्लेटलेट टिकत नाहीत, ही अडचण त्या पहिल्याच प्रयोगात दिसली होती.

त्या का टिकत नाहीत, याचे एक उत्तर विल्यम हॅरिंग्टन यांनी 1950 मध्ये स्वतःच्या शरीरावर मिळवले. प्लेटलेट अत्यंत कमी असलेल्या एका स्त्रीचे सुमारे अर्धा लिटर रक्त त्यांनी स्वतःला टोचून घेतले. काही तासांतच त्यांच्या प्लेटलेट जवळजवळ दिसेनाशा झाल्या, त्यांना झटका आला, आणि पुढे सुमारे आठवडाभरात संख्या पूर्ववत झाली. रुग्णाच्या रक्तातच प्लेटलेट नष्ट करणारा घटक असतो, हे त्यातून सिद्ध झाले. तो घटक म्हणजे प्रतिपिंडे, एरवी जंतूंशी लढण्यासाठी शरीर बनवते ती प्रथिने. अशा शरीरात बाहेरून सोडलेल्या प्लेटलेटही त्याच प्रतिपिंडांच्या तावडीत सापडतात.

दरम्यान रक्ताच्या कर्करोगाची परिस्थिती अगदी वेगळी होती. तिथे मज्जाच निकामी झालेली असते आणि रक्तस्रावाने रुग्ण दगावत असत. एमिल फ्रायराइख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1962 मध्ये अशा रुग्णांच्या नोंदी मांडल्या. संख्या जितकी कमी तितका रक्तस्राव अधिक, पण अमुक आकड्याखाली धोका एकाएकी सुरू होतो अशी ठाम रेषा त्यांना आढळली नव्हती. तरीही वीस हजारांच्या वर मोठा रक्तस्राव क्वचितच होतो, या निरीक्षणातून पुढे वीस हजारांखाली प्लेटलेट चढवण्याचा नियम बनला. त्या काळी अॅस्पिरिनमुळे प्लेटलेटचे काम बिघडते हे ज्ञात नव्हते आणि ते औषध सर्रास दिले जाई, हेही विसरता कामा नये. 1969 मध्ये प्लेटलेट थंडीत न ठेवता खोलीच्या तापमानाला साठवल्यास चांगल्या टिकतात असे दिसून आले. पुरवठा वाढला आणि नियमाचा वापरही. कर्करोगाच्या रुग्णांतही ती रेषा दहा हजारांवर आणली तरी मोठा रक्तस्राव वाढत नाही, हे इटलीतील अभ्यासाने 1997 मध्ये दाखवले, पण तोवर वीस हजार हा आकडा इतर आजारांच्या उपचारांतही रुजला होता.

यात सर्वांत मोठी गल्लत डेंग्यूबाबत झाली. 1950 च्या दशकात मनिला आणि बँकॉक येथे मुलांमध्ये डेंग्यूचे रक्तस्रावी रूप दिसले, आणि त्याच्या नावातच रक्तस्राव आल्याने सगळ्यांची नजर प्लेटलेटवर गेली. परंतु रुग्ण मुख्यतः दगावत होते ते रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून रक्तद्रव बाहेर झिरपून रक्तदाब कोसळल्यामुळे. हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, जे रक्तद्रव झिरपल्याने वाढते) चढत असताना वेळेवर आणि मोजून सलाईन दिल्यास मृत्यूचे प्रमाण 20 टक्क्यांच्या घरातून एक टक्क्याच्या खाली येते, हे दक्षिण-पूर्व आशियातील बालरोगतज्ज्ञांच्या अनुभवातून पुढे आले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाचे काम हेच आहे, आणि प्लेटलेटच्या गोंगाटात त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

डेंग्यूत मज्जेचे काम काही दिवस मंदावते, प्रतिपिंडे प्लेटलेट नष्ट करतात आणि त्या वापरल्या जाऊन संपतातही. ताप उतरण्याच्या सुमारास संख्या तळ गाठते आणि दोन-तीन दिवसांत आपसूक चढू लागते. नेमक्या याच दिवसांत कोणताही उपाय केला तरी त्याला यशाचे श्रेय मिळते, प्लेटलेटच्या पिशवीलाही. याची रीतसर पारख 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिंगापूर आणि मलेशियातील चाचणीने केली. प्लेटलेट वीस हजार किंवा त्याहून कमी असलेल्या, पण गंभीर रक्तस्राव नसलेल्या 372 प्रौढांपैकी निम्म्यांना प्लेटलेट चढवल्या गेल्या. रक्तस्रावात लक्षणीय फरक पडला नाही. पुरळ, अॅलर्जीसारखे त्रास मात्र प्लेटलेट दिलेल्यांत अधिक झाले.

मुलांमध्ये प्लेटलेट घटण्याच्या दुसऱ्या एका प्रकाराबाबतही विचार याच दिशेने वळला. साध्या विषाणूजन्य आजारानंतर काही आठवड्यांनी मुलाच्या प्लेटलेट प्रतिपिंडांमुळे एकदम घटतात. पालकांना पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात. 1981 मध्ये स्वित्झर्लंडमधील पाउल इम्बाख यांनी शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे) देऊन ही संख्या झपाट्याने वाढवता येते हे दाखवले, आणि काही काळ आकडा वाढवणे हेच उद्दिष्ट बनले. पण बहुसंख्य मुले सहा महिन्यांत औषधाविना बरी होतात. म्हणून अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या 2011 आणि 2019 च्या मार्गदर्शनात, रक्तस्राव नसेल किंवा तो त्वचेपुरताच असेल तर औषध न देता मुलावर लक्ष ठेवण्याकडे कल दिसतो.

आज अशा रुग्णाच्या बाबतीत डॉक्टर आधी विचारतात ते हिरड्यांतून, लघवीतून वा शौचातून रक्त जाते का, पोटात सतत दुखते का, उलट्या थांबत नाहीत का, रुग्ण गुंगीत जातो का. यांपैकी काही असल्यास उपचारासाठी वाट पाहत थांबायचे नसते. तापासाठी योग्य मात्रेत पॅरासिटामॉल दिले जाते. अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळले जातात. आणि डाग नाहीत, रक्तस्राव नाही, तरी आकडा मात्र फारच खाली, असा विसंगत अहवाल आला तर काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जाते, कारण नळीतील ईडीटीए या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेटचे पुंजके होतात आणि यंत्र त्यांना मोजतच नाही.