कृष्णा खोऱ्यातले शिल्लक पाणी आणि सोलापूर

भीमेवरच्या उजनी धरणाचे कोणतेही भांडण, मग ते पुणे-सोलापूरचे असो की डावा कालवा-उजवा कालव्याचे, शेवटी एका आकड्यापाशी येऊन थांबते : 585 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). कृष्णा खोऱ्यातला महाराष्ट्राचा वाटा तेवढा, आणि भीमा त्याच खोऱ्यातली.

ब्रिटिश काळातले करार आणि 1951 ची वाटणी आता फारशी कामाची नाही. त्या वाटणीला म्हैसूरने (आजचे कर्नाटक) मान्यताच दिली नव्हती आणि पुढे राज्यांच्या सीमाही बदलल्या. आंतरराज्य नदी पाणीतंट्यांच्या 1956 च्या कायद्याखाली 1969 मध्ये पहिला लवाद नेमला गेला, तिथून आजची गोष्ट सुरू होते.

लवादाने 78 वर्षांच्या नोंदी पाहून 75 टक्के विश्वासार्हतेचे, म्हणजे शंभरातल्या 75 वर्षी तरी मिळेल असे पाणी 2060 टीएमसी धरले. 1973 च्या निवाड्यात महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700 आणि आंध्रला 800 मिळाले. सिंचनातून नदीत परत येणारे पाणी मिळवून आपले 585 झाले. शिवाय भीमेतून किती घ्यायचे, याला महाराष्ट्रावर वेगळी मर्यादा आली. सोलापूरच्या दृष्टीने ही अट मोठ्या आकड्याइतकीच महत्त्वाची, पण तिची चर्चा क्वचितच होते.

खरी गोम आहे ती 2060 च्या वरच्या पाण्यात. लवादाने दोन योजना मांडल्या होत्या. पहिलीत प्रत्येकाला ठरावीक वाटा आणि उरलेले पाणी वापरायची मोकळीक आंध्रला. मात्र त्यावर हक्क सांगायचा नाही. दुसरीत तिन्ही राज्यांचे एक संयुक्त प्राधिकरण, आणि चांगल्या वर्षातले जादा पाणी तसेच वाईट वर्षातली तूट, दोन्ही वाटून घ्यायची. या प्राधिकरणाला आंध्रने संमती दिली नाही. संसदेने कायदा केला तरच दुसरी योजना लागू होणार होती. तो कायदा झाला नाही. पहिली योजना तेवढी अमलात आली.

आंध्रची बाजू अगदीच पोकळ नव्हती. तुटीच्या वर्षी वरची राज्ये आपला वाटा आधी अडवणार आणि झळ शेवटच्या राज्याला बसणार, म्हणून भरल्या वर्षीचे जादा पाणी त्याचे, असा तो हिशेब. पण ‘हक्क नाही’ म्हणून दिलेल्या पाण्यावर खाली प्रकल्प उभे राहिले, आणि बांधलेला कालवा कोणी बुजवत नाही. वरच्या दुष्काळी तालुक्यांनी मात्र टीएमसी-टीएमसीचा हिशेब देत बसायचे, हे सांगोला-मंगळवेढ्याला पटणे कठीणच.

निवाड्याचा फेरविचार 31 मे 2000 नंतर होणार होता. तोवर न अडवलेले पाणी हातचे जाईल या धास्तीने राज्याने 1996 मध्ये कृष्णा खोऱ्यासाठी स्वतंत्र महामंडळ काढले, कर्जरोख्यांतून पैसा उभा केला. उजनीवरच्या उपसा योजनांचे राजकारण याच घाईत तापले. कामे मात्र पुढे वर्षानुवर्षे रेंगाळली.

दुसरा लवाद 2004 मध्ये आला. त्याने 47 वर्षांच्या नोंदी घेतल्या, विश्वासार्हता 65 टक्क्यांवर आणली आणि पूर्वी मोकळे सोडलेले शिल्लक पाणीही वाटून टाकले. 2010 च्या निर्णयात महाराष्ट्राला 81 टीएमसी वाढवून मिळाले, एकूण 666. कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या आलमट्टी धरणाची उंची 524.256 मीटरपर्यंत नेण्यासही मुभा मिळाली. सांगली-कोल्हापूरला त्यातून पुराची भीती वाटते. सोलापूरकर त्याच पुराचे पाणी भीमेकडे वळवा म्हणतात.

2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय राजपत्रात प्रसिद्ध करण्यास मनाई केली. 2013 मध्ये लवादाने पुढचा अहवाल दिला, 2014 मध्ये आंध्रचे दोन तुकडे झाले आणि 2023 मध्ये आंध्र-तेलंगणातली वाटणीही याच लवादाकडे सोपवली गेली. महाराष्ट्राचे 81 टीएमसी या सगळ्यात अडकले. त्यामुळे भीमा खोऱ्यात नवी योजना मागणाऱ्याला आजही आधी विचारले जाते, पाणी जुन्या 585 मधले दाखवणार की नव्या 666 मधले?