सेंतो की ओन्सेन? बंबाचं पाणी आणि उन्हाळ्याचं पाणी

क्योटोतल्या एका गल्लीत दारावर निळा पडदा दिसला, पाटीवर अमुक-तमुक 'ओन्सेन'. मी हरखलो. ओन्सेन म्हणजे गरम झऱ्याच्या पाण्यातली आंघोळ, डोंगरातलं, बर्फातलं, एका रात्रीला वीस-वीस हजार येन मोजणाऱ्यांचं प्रकरण, आपल्या पाठपिशवीला ते परवडायचं नाही, असं मी जपानला निघतानाच मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि इथे तर खिशातल्या नाण्यांत काम होत होतं! तासभर डुंबलो. निघताना गल्ल्यावरच्या आजींना मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं, झरा किती खोल आहे? आजी हसल्या आणि त्यांनी मागच्या बाजूला बोट दाखवलं. तिकडे बॉयलर होता.

म्हणजे मी गेलो होतो सेंतोत, वस्तीतल्या साध्या सार्वजनिक स्नानगृहात. पाटी मात्र ओन्सेनची. यात फसवणूक नव्हती. क्योटो-ओसाकाकडे साध्या सेंतोच्या नावापुढेही 'ओन्सेन' लावायची जुनी रीत आहे. क्योटोचं प्रसिद्ध फुनाओका ओन्सेन घ्या. १९२३ सालची इमारत, कपडे बदलायच्या खोलीत लाकडी कोरीवकाम, आणि व्यवहार सगळा गल्लीतल्या सेंतोचा.

आपल्या भाषेत सांगायचं तर सेंतो म्हणजे बंबाचं पाणी आणि ओन्सेन म्हणजे उन्हाळ्याचं. उन्हाळा ऋतू नव्हे, कोकणात गरम झऱ्याला 'उन्हाळं' म्हणतात ते. राजापूरचं असतं तसं. जपानी शब्दही हेच सांगतात. 'सेन' म्हणजे नाणं, 'तो' म्हणजे गरम पाणी: पैसे टाकून मिळणारं गरम पाणी. 'ओन्सेन'मधलं 'सेन' वेगळं, त्याचा अर्थ झरा. कानाला एकच, लिहिताना चित्राक्षर निराळं. गोंधळाची सुरुवातच इथून होते.

पण 'एक बंबाचं, एक झऱ्याचं' एवढ्यावर गोष्ट संपत नाही. ओन्सेन हे पाण्याचं नाव आहे आणि सेंतो हे जागेचं, हे मला उशिरा कळलं. त्यामुळे 'हे सेंतो की ओन्सेन?' हा प्रश्नच अधूनमधून चुकतो. कायदेसुद्धा दोन आहेत, दोन्ही १९४८ च्या जुलैतले, अवघ्या दोन दिवसांच्या अंतराने आलेले. ओन्सेनचा कायदा पाण्याला प्रश्न विचारतो: जमिनीतून येताना तू २५ अंश सेल्सिअस किंवा जास्त गरम आहेस का? नसशील, तर ठरलेल्या १९ घटकांपैकी एखादा तरी पुरेशा प्रमाणात आहे का? दोन्हींपैकी एकाचं उत्तर 'हो' आलं की झालं ओन्सेन. म्हणजे थंडगार पाणीही ओन्सेन असू शकतं. सार्वजनिक स्नानगृहांचा कायदा पाणी कुठून आलं ते विचारत नाही. जागा स्वच्छ आहे का, परवाना आहे का, एवढंच.

खिशाच्या दृष्टीने खरा फरक पडतो तो इथे. साध्या सेंतोचा दर मालक ठरवत नाही. युद्धानंतरच्या टंचाईत, १९४६ साली, किमतींवर लगाम घालणारा एक हुकूम निघाला. बाकीच्या वस्तू त्यातून केव्हाच सुटल्या, सेंतो अजून अडकलेलं आहे. प्रत्येक प्रांताचा गव्हर्नर कमाल दर जाहीर करतो. टोकियोत २०१४ मध्ये तो ४६० येन होता, ऑगस्ट २०२४ मध्ये ५५० झाला. साधारण तीनशे रुपये. घरात न्हाणीघर नसलेल्या माणसालाही रोज आंघोळ परवडली पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. हॉस्टेलच्या अरुंद शॉवरमध्ये कोपर आपटून घेणारा मीही त्याच हिशेबात बसत होतो.

ओन्सेनच्या हॉटेलला असा लगाम नाही. वर बिलात स्नानकर येतो, बहुतेक ठिकाणी माणशी १५० येन. 'सुपर सेंतो' नावाची जी मोठी चकाचक ठिकाणं आहेत, तीही या दरात बसत नाहीत. नाव सेंतोचं, दर मालकाच्या मर्जीचा.

आता आतलं. दारावरच्या पडद्यावर हिरागाना लिपीतलं 'यु' हे एकच अक्षर असतं, म्हणजे गरम पाणी. पादत्राणं कप्प्यात, पैसे गल्ल्यावर, मग पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे. अंगावर काहीही ठेवायचं नाही. आपल्याकडे नदीवरसुद्धा पंचा नेसून उतरणारी माणसं आपण, त्यामुळे पहिली पाच मिनिटं जड जातात. सहाव्या मिनिटाला लक्षात येतं की तुमच्याकडे कोणी बघतही नाहीये. नळापुढच्या बुटक्या स्टुलावर बसून साबणाने आधी स्वच्छ व्हायचं, आणि मगच टाकीत उतरायचं. टाकी अंग धुवायची नाही, शेकायची. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. हे नियम दोन्हीकडे सारखेच.

सारखं नसतं ते गोंदण. ओन्सेनच्या हॉटेलांत टॅटूवाल्यांना बऱ्याचदा नकार मिळतो, वस्तीतल्या सेंतोत सहसा कोणी हरकत घेत नाही. साबणाचंही तसंच. हॉटेलात बाटल्या मांडलेल्या असतात, जुन्या सेंतोत आपला आपण न्यावा.

टोकियोच्या सेंतोत टाकीच्या मागच्या भिंतीवर बहुधा फुजी पर्वत रंगवलेला असतो. ही प्रथा १९१२ साली कांदा भागातल्या एका सेंतोतून सुरू झाली असं सांगतात. ओसाकाकडे टाकी भिंतीला न लावता खोलीच्या मधोमध बांधायची पद्धत. माझी सर्वांत लाडकी वस्तू म्हणजे 'केरोरिन' या वेदनाशामक औषधाची जाहिरात छापलेली पिवळी प्लास्टिकची बादली. टोकियोकडची मोठी, ओसाकाकडची जरा लहान. कारण तिकडे टाकीतलंच पाणी उपसून अंगावर घेतात आणि भरलेली मोठी बादली हाताला जड होते. एका बादलीचे दोन आकार काढणाऱ्या देशाबद्दल मला आदर वाटतो.

हे सगळं झपाट्याने कमी होतंय, हेही खरं. १९६८ च्या सुमारास देशभरात सुमारे १८ हजार सेंतो होती, आता दोन हजारांच्याही खाली आली आहेत. घरोघर न्हाणीघरं झाली, इंधन महागलं, दर मात्र बांधलेला.

उलट ओन्सेन म्हणजे हमखास शुद्ध, असंही नाही. २००४ साली नागानो प्रांतातल्या शिराहोने या नावाजलेल्या गावात दुधाळ दिसणाऱ्या पाण्यात पावडर मिसळत असल्याचं उघड झालं. मोठा गदारोळ झाला, आणि पुढच्या वर्षीपासून पाणी घातलंय का, तापवलंय का, तेच तेच फिरवलंय का, काही मिसळलंय का, हे लिहून लावणं बंधनकारक झालं. त्यामुळे पाटीवर विश्वास ठेवण्यापेक्षा कपडे बदलायच्या खोलीतला पाण्याच्या तपासणीचा तक्ता शोधावा. तो दिसला तर पाणी ओन्सेनचं. मग बाहेर नाव काहीही असो, दर कितीही असो.

क्यूशू बेटावरच्या बेप्पू शहरात ओन्सेन गल्लोगल्ली आहे, आणि तिथली माणसं ते सेंतोसारखंच वापरतात. १९३८ च्या लाकडी इमारतीतलं ताकेगावारा ओन्सेन चहाच्या किमतीत आंघोळ घालतं.

टोकियोत असाल तर कामाता भागात जा. तिथल्या काही सेंतोंत 'कुरोयु' येतं, म्हणजे काळं पाणी. प्राचीन वनस्पती कुजून उतरलेल्या द्रव्यांमुळे ते कोऱ्या चहाहूनही गडद असतं. जमिनीतून थंडच निघतं, पण घटकांच्या जोरावर कायद्याने ओन्सेन ठरतं. मग ते बॉयलरमध्ये तापवतात आणि सेंतोच्या बांधलेल्या दरात विकतात. मी उतरलो तेव्हा गुडघे दिसेनासे झाले. पाणी इतकं कढत होतं की मी हळूच थंड नळाकडे हात नेला. कोपऱ्यात डोळे मिटून बसलेल्या आजोबांनी एक डोळा उघडला. मी हात मागे घेतला.