ब्रिटनमधली कोळशाची शेगडी: उबेचा आणि हवेचा हिशेब

लंडनच्या जुन्या वस्त्यांत छपरांवर विटांच्या चिमण्या दिसतात आणि प्रत्येकीच्या माथ्यावर मातीची चार-सहा नळकांडी. घरातल्या जवळपास प्रत्येक खोलीला भिंतीत बांधलेली तिची तिची शेगडी (फायरप्लेस) होती, त्याची ही खूण. अशी शेगडी आजही पेटवणाऱ्यांना बरेच नियम सांभाळावे लागतात: लाकूड वाळलेलं हवं, कोळसा बिनधुराचा हवा, चिमणी वर्षातून एकदा तरी झाडून घ्यायला हवी, विषारी वायूचा अलार्म हवा. हे सगळं एका बैठकीत ठरलेलं नाही. आधीच्या उपायातून जी नवी अडचण निघाली, तिच्यावर पुढचा नियम आला.

मूळ अडचण हवेच्या ओढीची. चिमणीतली तापलेली हवा वर चढते आणि खोलीतली हवाही ओढून नेते. या ओढीनेच धूर बाहेर जातो, आणि उघड्या शेगडीतली तीन-चतुर्थांशाच्या आसपास ऊबही त्याच वाटेने निसटते. गेलेल्या हवेची जागा भरायला दारं-खिडक्यांच्या फटींतून थंड वारा आत येतो. शेगडीपुढे बसणाऱ्याचे गुडघे भाजतात, पाठ मात्र गारठलेलीच राहते.

यावर पद्धतशीर विचार केला तो शास्त्रज्ञ बेंजामिन थॉम्पसन ऊर्फ काउंट रम्फर्ड यांनी. १७९६ मध्ये त्यांनी शेगडीची खोली कमी करायला, बाजूच्या भिंती तिरप्या बांधायला आणि चिमणीचा गळा, म्हणजे शेगडीच्या माथ्याशी असलेलं तिचं तोंड, जेमतेम चार इंचांवर आणायला सांगितलं. तिरप्या भिंतींमुळे ऊब खोलीत फेकली जाऊ लागली, अरुंद गळ्यामुळे हवेची उधळपट्टी घटली. लंडनच्या श्रीमंत घरांत अशा शेगड्यांची टूमच निघाली. जर्मनीत, रशियात लोक तोवर बंद भट्टीवजा शेगड्या वापरत होते आणि त्या कितीतरी कमी इंधनात घर तापवत. इंग्रजांना मात्र जाळ डोळ्यांना दिसायला हवा होता. पुढचे बरेच घोळ या हौसेतून झाले, असं माझं मत आहे.

कोळशाची काजळी अरुंद चिमण्यांत साचे आणि पेट घेई. ती खरवडायला लहान मुलांना आत चढवत. १७७५ मध्येच पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदांनी या कामगारांच्या अंडकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. तरी मुलांना चढवणं खऱ्या अर्थाने थांबायला १८७५ चा कायदा यावा लागला.

गिरण्या-कारखान्यांच्या धुराला कायद्याने आवर घालायचे प्रयत्न तेव्हाही होते. मुंबईतही १९१२ मध्ये धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. ब्रिटनच्या १९२६ च्या कायद्याने मात्र राहत्या घरांना वगळलं. मतदारांच्या शेगडीला हात कोण लावणार? ५ डिसेंबर १९५२ ला लंडनमधल्या थंड, कोंदट हवेवर उबदार हवेचं झाकण बसलं आणि धूर खालीच अडकला. गारठा वाढला तशी घरोघर कोळशाची भर पडत गेली. कोळशाचं रेशनिंग चालूच होतं. त्याच महिन्यापासून रेशनशिवाय विकला जाऊ लागला तो चुरावजा, हलक्या प्रतीचा माल. पाच दिवस त्या धुराच्या धुक्यात हात पुढे केला तर दिसेना. सरकारी अंदाजात सुमारे ४,००० बळी गेले. नंतरच्या अभ्यासांत हा आकडा १२,००० पर्यंत जातो. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्याने घराघरातल्या धुरालाही हात घातला. नगरपालिकांना धूरबंदीचे विभाग जाहीर करता येऊ लागले आणि शेगडी बदलायच्या खर्चाचे सात-दशांश परत मिळू लागले. उपदेशापेक्षा या पैशांनी जास्त काम केलं असावं.

नंतर उत्तर समुद्रातला नैसर्गिक वायू आला आणि बहुतेक घरांतून कोळसा गेला. ज्यांनी ठेवला, त्यांच्याकडे बिनधुराचा कोळसा आणि काचेच्या दाराची बंद शेगडी आली. आत सोडायची हवा हाताने कमी-जास्त करता येते, म्हणून अशी शेगडी ७० टक्क्यांहून जास्त ऊब घरात ठेवते, आणि काचेतून जाळही दिसतो! पण धूर हा एक इशाराही होता. शेगडी उलटी फुंकू लागली की डोळे चुरचुरत, माणसं खिडकी उघडत. बिनधुराच्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतोच. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. चिमणी काजळीने तुंबली किंवा आत येणारी हवा कमी पडली, तर त्याला बाहेरची वाट उरत नाही. इंग्लंडमध्ये घन इंधनाची नवी शेगडी बसवताना या वायूचा अलार्म २०१० पासून, तर खासगी भाड्याच्या घरात अशी शेगडी असलेल्या खोलीत २०१५ पासून सक्तीचा आहे.

धुराविरुद्धचे नियमही थांबले नाहीत. साध्या घरगुती कोळशाची विक्री इंग्लंडमध्ये आधी पिशव्यांतून आणि मग मे २०२३ पासून सुटीही बंद झाली. थोडक्या प्रमाणात विकलं जाणारं सर्पण २० टक्क्यांपेक्षा जास्त ओलं चालत नाही, कारण ओलं लाकूड जास्त धूर करतं; शिवाय त्याचं डांबर चिमणीत साचून पेटतं.

दुहेरी काचा आणि सीलबंद दारांमुळे फटींतला वाराही आता उरलेला नाही. म्हणून बांधकामाच्या नियमांनुसार ५ किलोवॉटहून मोठ्या शेगडीसाठी, आणि घर फारच हवाबंद असेल तर लहान शेगडीसाठीही, बाहेरची हवा आत येईल अशी कधीच बंद न होणारी वाट ठेवावी लागते. बहुतेक ठिकाणी ती भिंतीला भोक पाडूनच करतात.