२०.३ दाखवायलंय, म्हणजे ऑक्सिजन कमी झाला का?

मागच्या श्रावणात भाच्यानं घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. हातात ते खिशात मावणारं गॅस मीटर, स्क्रीनवर २०.३, मागं आमचं हिरवंगार शिवार. खाली लिहिलेलं, "मामा, शाळेत २१ टक्के शिकवलंय, मग आपल्याकडचा ऑक्सिजन गेला कुठं?" झालं, दहा मिनिटांत ग्रुप पेटला. एकानं साखर कारखान्याच्या चिमणीवर ढकललं (श्रावणात कारखाना बंद असतो, धूर कुठला निघतोय!), दुसऱ्यानं घरात ऑक्सिजन देणारी रोपं ठेवा म्हणून कुठल्यातरी नर्सरीची जाहिरात टाकली, आणि पिंपळ रात्रीपण ऑक्सिजन देतो हे तर आलंच. चार कुंड्यांनी घरातला ऑक्सिजन मीटरवर दिसेल इतका हलत नाही, एक खिडकी उघडली की बाहेरची हवा सगळा हिशोब मोडून टाकते. पण ते असो, मी साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये इन्स्ट्रुमेंटच्या, म्हणजे मोजमापाच्या यंत्रांच्या कामात हंगामावर हंगाम काढलेत, ऑक्सिजनचा आकडा बघितला की मला राहवत नाही.

तर भाच्याचं मीटर बरोबर होतं, आणि ऑक्सिजन कुणी चोरला नव्हता. कोरड्या हवेत ऑक्सिजन २०.९५ टक्के. पण पावसाळ्यात ३० डिग्री तापमान आणि ८०-८५ टक्के आर्द्रता असली की आपल्याकडं हवेच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास नुसती पाण्याची वाफ असते. ती वाफ कुणाची तरी जागा घेणारच, नायट्रोजनला सरकवते तशी ऑक्सिजनलाही सरकवते, आणि २०.९५ चं २०.२ च्या आसपास होतं. मीटर मे महिन्यात सेट केलेलं, म्हणजे मोकळ्या हवेत धरून २०.९ वर आणलेलं, तेव्हाही हवेत थोडी वाफ होतीच, म्हणून २०.३. दुधात पाणी घातल्यावर फॅट कमी लागते, तसंच हे.

उंचीचा घोळ वेगळाच. पडद्यातून ऑक्सिजन आत घेणारे जे स्वस्त सेन्सर असतात ते टक्के मोजतच नाहीत, ते ऑक्सिजनचा दाब मोजतात आणि टक्के म्हणून दाखवतात. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर वर, तिथं हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-साडेसहा टक्क्यांनी कमी. मुंबईत सेट केलेलं असलं मीटर तसंच तिथल्या वाळूजला आणून चालू केलं तर मोकळ्या हवेत १९.६ दाखवेल, आणि अलार्म बहुतेक १९.५ ला लावलेला असतो! मग लोक म्हणतात मीटर खराब आलं, नाहीतर अलार्म बंदच करून टाकतात, जे त्याहून वाईट. म्हणून मीटर जिथं वापरायचं तिथल्याच मोकळ्या हवेत सेट करायचं.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडं येतो, जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

बॉयलरमध्ये बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, जळतो तेव्हा हवा नेमकी लागेल तेवढीच दिली तर भागत नाही, थोडी जास्त द्यावी लागते, कारण ओला बगॅस आणि हवा नीट मिसळत नाहीत. फार जास्त दिली तर ती फुकटची हवा तापून चिमणीतून निघून जाते, म्हणजे बगॅस जाळून आपण आभाळ तापवायलोय. म्हणून धुरात शिल्लक ऑक्सिजन किती ते बघत हवा कमी-जास्त करायची. बगॅसच्या बॉयलरला तो साधारण ४ ते ६ टक्के ठेवतात. बघायला येणारे पाहुणे हमखास विचारतात, "इथं पाचच टक्के? २१ पाहिजे ना?" अहो बाकीचा जळण्यात गेला, म्हणून तर वाफ तयार व्हायलीय.

हा आकडा देणारा प्रोब म्हणजे धुराच्या डक्टमध्ये (धूर चिमणीकडं नेणारा मोठा पत्र्याचा बोगदा) आडवी घुसवलेली एक लांब नळी, टोकाला अंगठ्याएवढा पांढरा सिरॅमिकचा तुकडा. तो झिर्कोनियाचा, म्हणजे झिर्कोनियम ऑक्साईडचा. त्यात थोडं यिट्रियम मिसळलेलं असतं आणि सगळी जादू त्या भेसळीत आहे. झिर्कोनियमचा आयन, म्हणजे भार असलेला अणू, चार धन भाराचा, यिट्रियमचा तीनच. हिशोब जुळायला दोन यिट्रियममागं एक ऑक्सिजनची जागा रिकामी राहते, स्फटिकात अशी भोकंच भोकं. तुळजापूरच्या दर्शनबारीत एक माणूस मधूनच निघून गेला की मागचा पुढं सरकतो, मग त्याच्या मागचा, आणि रिकामी जागा उलटी मागं मागं जाते, अगदी तसं ऑक्सिजनचे आयन एका भोकातून दुसऱ्यात उड्या मारतात. पण थंडीत ही बारी हलत नाही. उडी मारायला ताकद लागते म्हणून आत हीटर असतो, तो तुकडा ७०० डिग्रीच्या आसपास कायम तापवून ठेवतो. इलेक्ट्रॉन मात्र या बारीतून जाऊ शकत नाहीत, हे लक्षात ठेवा.

तुकड्याच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा सच्छिद्र थर. एका बाजूला साधी हवा, दुसऱ्या बाजूला धूर. हवेच्या बाजूला ऑक्सिजनची गर्दी जास्त, तिथं एकेक रेणू प्लॅटिनमकडून चार इलेक्ट्रॉन घेतो, दोन आयन होतो आणि विरळ बाजूकडं निघू बघतो. पलीकडं इलेक्ट्रॉन सोडून परत वायू होतो. पण इलेक्ट्रॉनला आतून परतीची वाट नाही, त्यामुळं दोन बाजूंत भाराचा फरक साठतो आणि तो फरकच पुढची गर्दी अडवून धरतो. हा व्होल्टेज आपण मोजतो. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नर्न्स्टनं १८८९ मध्ये याचं समीकरण मांडलं: व्होल्टेज हा दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमवर चालतो, आणि तापमानावर. ७०० डिग्रीला दहापट फरकाला ४८ मिलिव्होल्ट. दोन्हीकडं हवा असेल तर शून्य, धुरात ५ टक्के असेल तर ३०, १ टक्का असेल तर ६४. म्हणजे ऑक्सिजन जितका कमी तितका सिग्नल मोठा, किती सोयीचं! त्यामुळंच याला शून्य टक्क्याच्या गॅसवर कॅलिब्रेट करता (माहीत असलेल्या गॅसवर आकडा जुळवून घेता) येत नाही, शून्याचा लॉग निघतच नाही, म्हणून एक-दोन टक्केवाला सिलिंडर आणि दुसरी साधी हवा वापरतात. (लॉग म्हटल्यावर ज्यांचं डोकं दुखलं त्यांनी एवढंच घ्या की हे यंत्र मोजत नाही, तुलना करतं.) हाच नर्न्स्ट याच झिर्कोनियाचा बल्ब करून बसला होता १८९७ मध्ये, तो बल्ब आधी काडीनं नाहीतर दिव्यानं तापवला की मगच लागायचा, कारण तेच, थंडीत बारी हलत नाही. तुमच्या बीएस-सिक्स मोटारसायकलच्या सायलेन्सरजवळ जो ऑक्सिजन सेन्सर असतो तो याचाच लहान भाऊ.

तुलना हा शब्द धरून ठेवा, कारण बसवताना सगळे गोंधळ तिथंच होतात.

माझ्यावरच बेतलेली गोष्ट सांगतो. एका कारखान्यात, नाव नको, हंगामाच्या तोंडावर प्रोब परत बसवला. प्रोब जिथं डक्टला बोल्टनं आवळतात त्या फ्लँजचं गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी चकती, जुनंच टाकलं, घाई होती, दुसऱ्या दिवशी बॉयलर अग्निप्रदीपन, पाहुणे येणार, नारळ आणलेले. चालू झाल्यावर आकडा ७.५. बॉयलर अटेंडंट हुशार, म्हणाला हवा जास्त होतेय, त्यानं भट्टीत हवा ढकलणारा एफडी फॅन कमी केला. आकडा थोडा उतरला, अजून कमी केला. संध्याकाळपर्यंत चिमणीतून काळाकुट्ट धूर. मीटर अजूनही ऑक्सिजन भरपूर म्हणतंय आणि वर धूर काळा, दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय. शेवटी मी पूजेतलीच एक उदबत्ती उचलली आणि फ्लँजभोवती फिरवली, खालच्या बोल्टजवळ धूर सर्रकन आत ओढला गेला. धूर चिमणीकडं ओढणाऱ्या आयडी फॅनमुळं डक्टमध्ये दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळं जरा फट मिळाली की बाहेरची २१ टक्केवाली हवा आत घुसते आणि नेमकी प्रोबच्या अंगावरून जाते. आकडा जास्त दिसतो, माणूस हवा कमी करतो, आणि जळण अर्धवट राहून कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. कॅलिब्रेशन झाल्यावर गॅसच्या नळीला टोपी लावायची विसरली तरी हेच होतं. रेफरन्सच्या, म्हणजे तुलनेसाठी दिलेल्या साध्या हवेत कॉम्प्रेसरचं तेल आलं तर ते तापल्या सेलवर (तोच झिर्कोनियाचा तुकडा) जळून तिथला ऑक्सिजन खातं, आणि मग धुरातला आकडा पुन्हा जास्तच दिसतो. बघा, चुका वेगवेगळ्या पण खोटं एकाच दिशेचं. उलट्या दिशेला ओढणारी एकच गोष्ट पटकन आठवते, न जळालेला वायू प्रोबवर पोचला तर तो तिथंच ऑक्सिजन घेऊन जळतो आणि आकडा कमी येतो.

प्रोबची जागा शक्यतो इकॉनॉमायझरनंतर (धुराच्या उष्णतेवर बॉयलरचं पाणी तापवतो तो) आणि एअर हीटरच्या (तशीच हवा तापवतो तो) आधी घ्यावी, एअर हीटर जुना झाला की गळतोच. टोक डक्टच्या मधल्या प्रवाहात पाहिजे, कोपऱ्यात धूर साचून राहतो. फ्लँजला सिलिकॉनचा डिंक फासू नका, त्याची वाफ प्लॅटिनमला मारते. आणि बाहेरच्या लॅबवाल्याचा आकडा आपल्याशी जुळला नाही म्हणून भांडू नका, तो धूर थंड करून पाणी काढून मोजतो, आपला प्रोब वाफेसकट. धुरात २० टक्के वाफ असेल तर आपले ५ म्हणजे त्याचे सव्वासहा.

सुरक्षेचं बोलायचं तर पहिली गोष्ट अशी की ७०० डिग्रीचा हीटर म्हणजे पेटती काडीच आहे. भट्टीत न जळालेला वायू साठलेला असताना हा प्रोब चालू असेल तर तोच ठिणगी ठरू शकतो, म्हणून प्रोबला ज्वाला बाहेर पडू न देणारा फ्लेम अरेस्टर लागतो, आणि गॅस-तेलावरच्या बॉयलरला आधी पर्ज (हवा मारून साठलेला वायू बाहेर काढणं), मग हीटर, आणि आग विझली की हीटर आपोआप बंद असं इंटरलॉक लावतात. याच्या उलट चालू बॉयलरमध्ये प्रोब थंड ठेवला तर त्यावर ओलावा आणि आम्ल बसून सेल जातो. प्रोब बाहेर काढताना आधी सप्लाय बंद, कामाचं परमिट हातात, आणि तोंड फ्लँजसमोर नाही तर बाजूला, भट्टीनं एकदा उलटी फुंकर मारली की गरम राख थेट तोंडावर. काढलेला प्रोब ओल्या फरशीवर टेकवू नका, तडकतो. कॅलिब्रेशनच्या सिलिंडरमध्ये २ टक्के ऑक्सिजन आणि बाकी नायट्रोजन असतो, त्याला वास नाही, रंग नाही. एसीच्या बंद खोलीत तो गळला तर माणूस गुदमरल्यासारखं न वाटताच खाली पडतो, कारण आपल्या शरीराला घुसमट जाणवते ती कार्बन डायऑक्साईड वाढल्यानं, ऑक्सिजन घटल्यानं नाही.

हेच विहिरीत होतं. आमच्याकडं जुन्या विहिरीत उतरलेला माणूस वर आला नाही की साती आसरांनी ओढला म्हणतात, आणि त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही राहतो. आसरांना दोन माणसं लागतात म्हणे. कंदील सोडून बघायची पद्धत त्यातल्या त्यात शहाणपणाची, पण कंदील विझतो १६ टक्क्यांच्या आसपास आणि हायड्रोजन सल्फाईडसारखा विषारी वायू त्याला कळत नाही. मळीच्या टाकीत नाहीतर गोबरगॅसच्या खड्ड्यात तर कंदील नेणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. अलार्म १९.५ ला का, हा हिशोबही करून बघा: २०.९ चे १९.५ झाले, म्हणजे गेले दीडच टक्के असं वाटतं, पण दुसऱ्या वायूनं हवा सरकवून ते झालं असेल तर तो वायू जवळपास ७ टक्के आत आलाय. तो कार्बन डायऑक्साईड असेल तर ऑक्सिजनच्या आधी तोच माणसाला आडवा करतो.

या उन्हाळ्यात विहिरीतल्या मोटारीचा फूटवॉल्व्ह (पाईपच्या खालच्या टोकाची झडप) काढायला मेकॅनिक बोलावला होता. दोन वर्षं कुणी न उतरलेली विहीर, तळाला पाला कुजलेला. भाचा आलेला होताच, त्याचं मीटर चार गॅसवालं, सकाळी बांधावर सेट केलं, सुतळीला बांधून सोडलं आणि दर दहा फुटाला मिनिटभर थांबलो, सेन्सरला तेवढा वेळ लागतो. पन्नास फुटावर खालून बझर ऐकू आला. वर ओढलं तर सगळ्यात कमी आकडा १८.१ असा साठवलेला, आणि आता स्क्रीनवर परत २०.८.

मेकॅनिक म्हणाला, "वर तर बरोबर दाखवायलंय की. तुमचं मीटर खाली गेल्यावरच बिघडायलंय."

ब्लोअरचा पाईप तळापर्यंत सोडून दुपारपर्यंत चालवला. परत मीटर सोडलं, तळाला २०.७, बझर गप्प. मग तो कमरेला दोर बांधून उतरला, पाईप तसाच चालू ठेवून, मीटर गळ्यात. वर भाचा दोर धरून, दर दोन मिनिटाला हाक मारत, "किती दाखवायलंय?"