कोळशातला वायू: ‘जादा’ की ‘एकूण’?

कोळशाने किती वायू धरून ठेवलाय याचा हिशेब आजही ज्या समीकरणावर चालतो, ते १९१८ साली मांडलं गेलं, तेही काच, अभ्रक आणि प्लॅटिनमच्या सपाट पृष्ठभागांसाठी. कोळशाच्या छिद्रांत सपाट असं काही सापडणं कठीण. पण कमाल क्षमता आणि ती निम्मी भरते तो दाब, एवढे दोन आकडे घातले की मिथेनचा आलेख बऱ्यापैकी जुळतो, म्हणून ते टिकलं.

१९७०च्या दशकात वायू थेट मोजायची पद्धत रुळली. बोअरमधून काढलेला कोळशाचा गाभा हवाबंद डब्यात घालायचा, नळी पाण्यात उपड्या धरलेल्या मोजनळीत सोडायची आणि जमणारा वायू मोजत बसायचं. आधी दर काही मिनिटांनी, मग दिवसातून एकदा. गाभा वर येईपर्यंत निसटलेला वायू अंदाजानेच धरतात.

खरा घोळ आहे प्रयोगशाळेतल्या एका शब्दाचा: अधिशोषण, म्हणजे वायूचं कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटणं. पात्रात कोळसा भरून उरलेली पोकळी हेलियमने मोजतात, मग वायू सोडतात आणि किती ‘गायब’ झाला ते दाबावरून काढतात. पण चिकटलेला थरही त्याच पोकळीतली जागा अडवतो, आणि तिथे वायू एरवीही असताच. म्हणजे हाती येतं ते ‘जादा’ अधिशोषण: त्या जागेत एरवी असता त्याहून जास्तीचा वायू. ‘एकूण’ हवं असेल तर त्या थराची घनता लागते, आणि ती सरळ मोजता येत नाही. मिथेनसाठी अनेक जण द्रवरूप मिथेनची, घनसेंटिमीटरला ०.४२ ग्रॅम, उसनी घेतात, काही ०.३७च्या आसपास धरतात. १०० बार आणि ४० अंशांना एवढ्याने ‘एकूण’ आकडा ‘जादा’पेक्षा वीस टक्क्यांच्या घरात फुगतो. त्यामुळे तक्त्यात नुसतं ‘अधिशोषण’ लिहून मोकळं होणं हा, माझ्या मते, निष्काळजीपणाच. कच्चा ‘जादा’ आकडा द्यावा. पुढचं रूपांतर हे गृहीतक आहे.

कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत हे आणखी अडचणीचं. ३१ अंशांच्या थोडं वर, ७४ बारच्या आसपास त्याची घनता झपाट्याने चढते आणि ‘जादा’चा आलेख शिखर गाठून उतरू लागतो. दाब वाढवला तर कोळसा वायू सोडतोय, असं वाटावं! प्रत्यक्षात बाहेरचा वायूच दाट झालेला असतो.

१९९०च्या दशकात अमेरिकेतल्या सॅन ह्वान खोऱ्यात मिथेन बाहेर काढण्यासाठी हा वायू जमिनीखालच्या कोळशाच्या थरात सोडून पाहिला गेला. कोळसा तो मिथेनच्या साधारण दुप्पट धरतो, नायट्रोजन निम्म्याने. त्यामुळे मिथेन हुसकला जातो हे खरं, पण कोळसा फुगून भेगा आवळल्या आणि वायू आत जाणंच मंदावलं. नायट्रोजनने मिथेन लवकर बाहेर येतो, पण मागोमाग तोच उत्पादन विहिरीत हजर होतो.

आणि कोळसा फुगतो म्हटल्यावर, सुरुवातीला हेलियमने मोजलेली पोकळी शेवटपर्यंत तेवढीच कशी राहील?