आलं, आलं... गेलं! बिनबॅटरीच्या टॅगचा अँटेना

दूरदर्शनच्या काळात ज्यांनी गच्चीवर चढून अँटेना फिरवला आहे, त्यांना हे आठवत असेल. दांडा हातात धरला की खालून आरोळी यायची, "आलं, आलं!" हात सोडला की लगेच, "गेलं!" मग मॅच संपेपर्यंत कुणीतरी तिथेच दांडा धरून उभं राहायचं. अँटेनाच्या आसपास काय आहे, यावर त्याचं वागणं बदलतं, ते असं.

हीच कटकट आज एका फार लहान वस्तूच्या वाट्याला आली आहे. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग किंवा दुकानातल्या कपड्याच्या लेबलात दडलेला आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओलहरींवर ओळख सांगणारी चिठ्ठी, घ्या. त्यात बॅटरी नसते. धातूच्या पातळ पट्टीचा अँटेना आणि मधोमध मोहरीहूनही लहान चिप, एवढाच संसार. रीडरकडून, म्हणजे टॅग वाचणाऱ्या यंत्राकडून, येणाऱ्या रेडिओलहरींतून चिप आपली वीज उचलते आणि त्याच विजेवर आपला क्रमांक सांगते.

ही वीज किती? रीडरने टॅगच्या दिशेने ४ वॅटची लहर सोडली आणि मध्ये काही अडथळा नसला, तरी १० मीटरवरच्या साध्या अँटेनाच्या हाती साधारण ५० मायक्रोवॅट लागतात. चांगल्या चिपला जागं व्हायला १० मायक्रोवॅट पुरतात, म्हणजे एका वॅटचा एक लाखावा भाग. हिशेब जमतो, पण अँटेनाने गोळा केलेलं सगळं चिपपर्यंत पोहोचलं तरच.

इथे इम्पीडन्स आडवा येतो. मराठीत त्याला संरोध म्हणतात, म्हणजे बदलत्या विजेच्या प्रवाहाला होणारा एकूण अडथळा. त्याचे दोन भाग असतात: एक साधा रोध आणि दुसरा ऊर्जा क्षणभर साठवून परत करणारा. चिपचा स्वभाव कपॅसिटरसारखा, म्हणजे विजेचा भार साठवणाऱ्या भागासारखा असतो, म्हणून अँटेना मुद्दाम तेवढाच कॉइलसारखा घडवतात, म्हणजे दोघांचे ते भाग एकमेकांना रद्द करतात. एक उदाहरण घेऊ. दोघांचा रोध १५ ओहम, चिपचा कपॅसिटरी भाग १५० ओहम आणि अँटेनाचा कॉइली भागही १५०. जोडी जुळली, उपलब्ध वीज सगळी चिपमध्ये. आता आसपासच्या एखाद्या वस्तूमुळे अँटेनाचे १५० चे १८० झाले, तर चिपच्या हाती निम्मीच वीज येते. २१० झाले तर पाचवा हिस्सा. जास्तीत जास्त १० मीटरवरून वाचला जाणारा टॅग मग साडेचार मीटरवर येतो. टॅगमध्ये बिघाड काहीच नसतो, फक्त शेजार बदललेला असतो.

शेजार तर सतत बदलतो. काच, पुठ्ठा, ओलसर डेनिमचा गठ्ठा, पाण्याची बाटली, माणसाचा हात: प्रत्येकजण अँटेनाला थोडा थोडा सुरातून उतरवतो. फास्टॅगचा अँटेना काचेला चिकटलेला असेल, हे धरूनच आखलेला असतो. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने काचेवर न चिकटवलेले 'लूज' फास्टॅग काळ्या यादीत टाकायचं ठरवलं, ते मुख्यतः गैरवापराला आळा घालायला. पण खालापूरच्या टोलनाक्यावर टॅग हातात धरून काचेमागे नाचवणाऱ्याने हेही लक्षात घ्यावं, की त्याने काच काढून घेऊन अँटेनाच्या गळ्यात स्वतःची बोटं घातली आहेत.

यावर उपाय जुन्या रेडिओतच होता. स्टेशन लावायचं बटण फिरवलं की आत गँग कंडेन्सरची, म्हणजे फिरवून कमी-जास्त करता येणाऱ्या कपॅसिटरची, पानं एकमेकांत सरकायची आणि रेडिओ सुरात यायचा. टॅगला बटण नाही आणि ते फिरवायला माणूसही नाही. म्हणून चिपच्या आतच इवलेसे कपॅसिटर रांगेने ठेवतात आणि प्रत्येकाला एक इलेक्ट्रॉनिक स्विच देतात. लहर अंगावर आली की चिप वेगवेगळे स्विच लावून बघते, कुठे सर्वांत जास्त वीज मिळते ते पाहते आणि तिथे थांबते. हे सगळं पहिल्या हाकेला ओ देण्याच्या आत व्हायला हवं. प्रचलित नियमाप्रमाणे वीज मिळाल्यापासून दीड मिलिसेकंदात टॅग तयार असावा लागतो. शिवाय पंचाईत अशी, की जी वीज वाढवायची आहे तिच्यावरच ही शोधाशोध चालते. इम्पिंज कंपनीच्या मोन्झा आर-६ आणि एनएक्सपीच्या युकोड ८ या चिपांत अशी सोय आहे.

गंमत म्हणजे हीच चिप उत्तर देताना जुळवलेली जोडी मुद्दाम मोडते. टॅगकडे स्वतःचा ट्रान्समीटर नसतो. तो जोडी क्षणात जुळवतो, क्षणात बिघडवतो, त्यामुळे परतणारी लहर कमी-जास्त होते आणि रीडर तीच चढउतार वाचतो. खायचं असेल तेव्हा सूर जुळवायचा, बोलायचं असेल तेव्हा बिघडवायचा!

मात्र हे स्विच फक्त कपॅसिटरचा भाग सावरतात. पाण्याने लहर शोषून घेतली तर ती ऊर्जा गेलीच. आणि साधा टॅग थेट लोखंडी पत्र्यावर चिकटवला, तर आतली चिप कितीही हुशार असो, बहुधा गप्पच राहील. तिथे मध्ये जाड थर असलेला वेगळा टॅग लागतो.

मला सर्वांत आवडलेली करामत मात्र अमेरिकेतल्या आरएफमायक्रॉन (आता ॲक्झॉन) कंपनीच्या मॅग्नस चिपची आहे. कुठले स्विच लागले, याचा आकडा ती रीडरला वाचू देते. अँटेनाजवळ ओल आली की तो आकडा सरकतो. म्हणजे ओल मोजायला वेगळा सेन्सर नको की बॅटरी नको. गाडीत कुठून पाणी झिरपतं का, हे बघायचं असेल तर गाडी बंद करून तिच्यावर पाण्याचा मारा करायचा आणि आत, गालिच्याखाली डकवलेल्या टॅगांना बाहेरूनच त्यांचे आकडे विचारायचे. मात्र एकट्या आकड्यावर भरवसा ठेवून चालत नाही, कारण रीडरची फ्रीक्वेन्सी बदलली तरी तो हलतो. म्हणून पाणी सोडण्याआधी त्याच टॅगचा कोरडा आकडा टिपून ठेवायचा आणि नंतरचा त्याच्याशी ताडून बघायचा.