ओळगणना, टर्मिनलवरील

मजकूर फाइलमधील ओळींची संख्या टर्मिनलवर (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) आज्ञा देऊन काढण्याची रीत. युनिक्स व लिनक्स या संगणकप्रणालींवर त्यासाठी ‘डब्ल्यूसी’ ही आज्ञा ‘मायनस एल’ या पर्यायासह देतात. नाव ‘वर्ड काउंट’ या शब्दांच्या आद्याक्षरांचे. ठाणे–बेलापूर रस्त्यावरच्या कचेऱ्यांत ‘काउंट काढ’ म्हटले की बहुधा हीच आज्ञा अभिप्रेत असते.

उगम : युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीच्या मार्गदर्शिकेत, ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेखाली, ही आज्ञा आढळते, प्रत्यक्ष लेखन त्याच वर्षीचे किंवा थोडे आधीचे असावे. मार्गदर्शिकेतील ‘जेएफओ’ ही आद्याक्षरे बेल प्रयोगशाळेतील जोसेफ ओसॅना यांची. नावामुळे असे वाटते, की आज्ञा शब्द मोजण्यासाठी जन्मली आणि ओळी मागाहून चिकटल्या. मूळ वर्णन पाहता हे टिकत नाही. तेथे तीन आकडे सांगितले आहेत : शब्द, मजकुराच्या ओळी आणि ‘रॉफ’च्या नियंत्रण-ओळी, म्हणजे टिंबाने किंवा उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या. रॉफ ही मजकुराची छपाईसाठी मांडणी करणारी आज्ञावली. बेलच्या पेटंट विभागाचे दस्तऐवज तयार करणे हे युनिक्सचे सुरुवातीचे एक मोठे काम होते. मजकूर किती आणि मांडणीच्या सूचना किती, हे वेगळे काढण्याची गरज तेथलीच. त्यामुळे ओळगणना मूळचीच मानणे अधिक सयुक्तिक. नियंत्रण-ओळींचा आकडा पुढे गळाला. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ओळी, शब्द व वर्ण यांचे स्वतंत्र पर्याय दिसतात. लिनक्सवरील ग्नू (मुक्त आज्ञावलींचा प्रकल्प) आवृत्ती पॉल रुबिन व डेव्हिड मॅकेन्झी यांची.

ओळ म्हणजे काय : आज्ञा ओळी मोजत नाही, ओळ संपल्याच्या खुणा मोजते. ही खूण म्हणजे १० क्रमांकाचा वर्ण, टेलिप्रिंटरच्या काळातला ‘लाइन फीड’. युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉसिक्स मानकानुसार ही खूण ओळीचाच भाग असून तिच्याशिवाय ओळ पुरी होत नाही. खूण दोन ओळींमधला दुभाजक आहे, असे मानणाऱ्या मजकूर लिहिण्याच्या आज्ञावल्याही (एडिटर) आहेत आणि घोटाळा तेथेच होतो. ठाणे ते वाशी या रेल्वेमार्गावरील स्थानके एकाखाली एक लिहावीत : ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. स्थानके नऊ; पण ‘वाशी’नंतर एंटर मारले नसेल, तर उत्तर ८ येते. मानकाच्या दृष्टीने गाडी सानपाड्यालाच थांबली. मजकुरात शोध घेणाऱ्या ‘ग्रेप’ आज्ञेला ‘मायनस सी’ (तिथे अर्थ ‘मोज’) व रिकामा नमुना दिला किंवा ओळीओळीने मजकूर हाताळणाऱ्या ‘ऑक’कडून शेवटचा नोंद-क्रमांक छापून घेतला, तर ९ मिळतात. जुन्या मॅकिंटॉशवरच्या फाइलींत ओळीअखेर १३ क्रमांकाचा वर्ण एकटाच असे. त्यांचे उत्तर शून्य. विंडोजवर १३ व १० जोडीने येतात, त्यामुळे आकडा बिघडत नाही.

देवनागरी मजकूर : यूटीएफ-८ या वर्ण साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइटांचा आणि त्यांतला एकही बाइट १० हा नसतो, म्हणून ओळगणना निर्धोक. शब्द व वर्णांचे पर्याय मात्र जपून वापरावेत : ‘ठाणे’ला मराठी वाचक दोन अक्षरे म्हणेल, डब्ल्यूसीचा ‘मायनस एम’ चार वर्ण म्हणतो, ‘मायनस सी’ बारा बाइट. यूटीएफ-१६ या दुसऱ्या पद्धतीत जपून ठेवलेल्या फाइलींची गोष्ट वेगळी (विंडोजवरचे नोटपॅड पूर्वी यालाच ‘युनिकोड’ म्हणत असे). तेथे ‘ऊ’ या एका स्वराच्या दोन बाइटांपैकी एक नेमका १० असतो. परिणामी प्रत्येक ‘ऊस’, ‘ऊन’ आणि ‘भाऊ’मागे एक ओळ वाढते. गुजराती व गुरुमुखीचे तर प्रत्येक अक्षरच असे आहे. ठाण्यातील एखाद्या पेढीची गुजराती नावांची यादी अशा फाइलीत असेल, तर ओळी शेकड्याने फुगतात. आधी ‘आयकॉन्व्ह’ या पद्धत बदलणाऱ्या आज्ञेने यूटीएफ-८ करून घ्यावे.

उपयोग : लॉग (प्रणालीने आपोआप ठेवलेल्या नोंदी) तपासणे, फाइल पूर्ण आली की नाही हे पाहणे. आर्थिक व्यवहारांच्या फाइलींत पहिली ओळ शीर्षकाची आणि शेवटची एकूण नोंदींची असण्याची पद्धत आहे. आलेल्या आकड्यातून दोन वजा करून ताळा घेतात. ताळा नेमका एकने चुकला, तर दोष पाठवणाऱ्याला देण्याआधी शेवटचे एंटर पाहावे. फाइलीचे नाव न देता ती ‘पेक्षा लहान’ या चिन्हाने आत सोडली, तर नुसता आकडा छापला जातो. स्क्रिप्टमध्ये हेच सोयीचे. त्यासाठी ‘कॅट’ने फाइल छापून ती पाइपने (एका आज्ञेचे उत्तर दुसरीला देणाऱ्या चिन्हाने) पुढे देण्याची सवय सर्वत्र दिसते. निरुपद्रवी, पण अनावश्यक.

विंडोजवर ‘फाइंड’ आज्ञेला मोजण्याचा व उलट शोधाचा पर्याय देऊन रिकामा शब्द शोधतात. विंडोजच्याच पॉवरशेल या नव्या आज्ञा-खिडकीतील ‘मेझर-ऑब्जेक्ट’चा ओळींचा पर्याय रिकाम्या ओळी धरत नाही.